बाबांच्या कार्डावर काय लिहायचं

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्द. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही, मधे 'कशी आहेस' नाही. पोस्टमननं देताना ते दोनदा उलटून पाहिलं. त्यालाही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असणार. 'म्युझिक लव्हर.' तू तिकडे कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवतोस आणि सख्ख्या बापासाठी तुझ्या पोतडीतून हे निघालं! माझ्या वर्कशॉपमध्ये काज-बटणाला बसणाऱ्या मुलीनंही एवढं सांगितलं असतं.

मी काय विचारलं होतं ते पुन्हा लिहिते, कारण तू पत्र नीट वाचलेलं दिसत नाही. बाबा ज्या होममध्ये आहेत तिथे प्रत्येकाच्या पलंगाच्या डोक्याशी एक कार्ड असतं. नाव, वय, औषधं, आणि सगळ्यांत खाली एक ओळ : हा माणूस कोण आहे. ती ओळ घरच्यांनी द्यायची. इंग्रजीत द्यायची, कारण तिथल्या सिस्टर चार दिशांहून आलेल्या, आपसांत त्यांचं इंग्रजीशिवाय जमत नाही. माझं इंग्रजी म्हणजे कॉलर, स्लीव्ह आणि चेस्ट. शाळांचे गणवेश शिवायला तेवढं पुरतं, बाप समजावून सांगायला पुरत नाही. म्हणून तुला लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून टपालानं लिहिलं.

तर तुझे दोन शब्द मी चांगल्या अक्षरात कार्डावर काढले. मेट्रनबाईंनी वाचून टाळी वाजवली. "म्युझिक लव्हर! किती छान!" म्हणाल्या, आणि त्याच दुपारी बाबांच्या उशाशी रेडिओ आणून ठेवला. सकाळच्या चहाला सुरू होतो, दिवे मालवताना बंद. गाणं अर्ध्यात कापून साबणाची जाहिरात, मग हसणारे दोघं निवेदक, मग दुसऱ्या गाण्याचं शेपूट. शिवाय स्टेशन जरासं सरकलेलं, त्यामुळे सगळ्याच्या खाली एक खरखर.

बाबांच्या उशाशी, दादा! गाणं लागलं की आपल्याला वहीचं पान उलटू न देणाऱ्या माणसाच्या उशाशी! माझ्या लग्नात बँडवाल्यांचा एक भोंगा बेसूर होता म्हणून मुलीचा बाप मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला होता, आठवतं? सासरच्यांनी ते मला वर्षभर ऐकवलं.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारबुवा आहेत. मिश्यांमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात, सैन्यात कधी नव्हते. ते मात्र खूश आहेत. जाहिरातीवरसुद्धा ठेका धरतात, तोही चुकीचा. तुझे दोन शब्द त्यांच्यासाठी अगदी मापात शिवल्यासारखे आहेत. म्युझिक लव्हर म्हणजे कर्नल. बाबा म्हणजे कोण, ते सांग.

आणि हे मी गंमत म्हणून विचारत नाहीये. बाबांनी आधी कानांत कापूस घातला. मग ओरडले. शुक्रवारी त्यांनी तो रेडिओ उचलून भिंतीवर मारला. पाण्याचा ग्लास त्याबरोबर गेला, काचेचा तुकडा सिस्टरच्या घोट्याला लागला. फाइलमध्ये आता 'अ‍ॅग्रेसिव्ह' लिहिलंय. महिनाअखेरीस मोठे डॉक्टर येतात, ते ठरवणार की बाबांना मागच्या वॉर्डात हलवायचं का. तो वॉर्ड मी पाहून आले. दाराला बाहेरून कडी. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही, कुणी बघो न बघो, चालूच. खुर्च्यांना पट्टे. जेवणानंतर सगळ्यांना एकेक गोळी, मग संध्याकाळपर्यंत माना खाली. तिथे गेलेलं माणूस पुन्हा पुढच्या वॉर्डात येत नाही, हे मला झाडूवाल्या मावशींनी हळूच सांगितलं.

नवा रेडिओ आलाच आहे, कर्नलच्या मुलानं दिला. मी बंद करायला सांगितला की करतात. मग पाळी बदलते, नवी सिस्टर येते, कार्ड वाचते, प्रेमानं पुन्हा सुरू करते. तिचं तरी काय चुकलं? तिथे माणसाला कुणी ओळखत नाही, कार्डाला ओळखतात.

तेव्हा नीट शब्द पाठव. लवकर.

— तुझी बहीण, अजून तरी


११ फेब्रुवारी

दादा,

'ऑडिओफाइल.' पुन्हा नुसता शब्द. तुला सही करायला कुणी बंदी घातली आहे का?

झेरॉक्सवाल्याकडे कॉम्प्युटरवर अर्थ बघून घेतला. महागडी यंत्रं जमवून उत्तम आवाज ऐकण्याचा शौक असलेला. आपल्या घरचा रेडिओ आठव जरा. मागचं झाकण पडू नये म्हणून त्याला रबरबँड लावलेलं असायचं, आणि बाबा नकाशाच्या ऑफिसातून येऊन, हात धुऊन त्याच्यापुढे बसायचे. त्यांना यंत्राचं काय कौतुक होतं? हा शब्द लिहिला असता तर मेट्रनबाईंनी दोन मोठे स्पीकर आणून लावले असते. कार्डावर चढवलाच नाही.

मी आपल्या मनानं 'नो रेडिओ' लिहून पाहिलं. मेट्रनबाईंनी ते खोडलं. बाई वाईट नाहीत, कामानं पिचलेल्या आहेत. म्हणाल्या, "ताई, ही ओळ माणसाची ओळख सांगायला आहे. हे करू नका, ते करू नका, असं प्रत्येक घर लिहायला लागलं तर आम्ही काम कसं करायचं? सूचना डॉक्टर लिहितात. तुम्ही ते कोण आहेत ते सांगा, आम्ही त्याप्रमाणे वागू."

कोण आहेत ते सांगा! मला वाटलं, किती सोपं. घरी येऊन कटिंगच्या टेबलावर बसले आणि खडूनं कापडावरच लिहायला लागले. मराठीतसुद्धा जमेना. रसिक म्हणावं तर रसिक माणूस खुशीत असतो, दाद देतो, शेजाऱ्याला चहा पाजतो. बाबांनी कधी कुणाला दाद दिली? चांगलं झालं की गप्प, बिघडलं की गप्प, फक्त दुसऱ्या गप्पपणात जेवत नसत. आई बिचारी ताट झाकून ठेवायची. वेडा म्हणावं, तर वेडा माणूस ऑफिसात इतकी वर्षं केसाएवढ्या बारीक रेघा कसा काढेल?

इथे माझ्याकडे राहायचे तेव्हा वर्कशॉपच्या जिन्यावर येऊन उभे राहायचे. सहा मशीन एकदम चालू असायची आणि हे बोट दाखवायचे, "ती तिसरी ओरडतेय." मला संताप यायचा. कामाच्या वेळी मधे येऊ नका म्हणून मी त्यांना वर पाठवायची. मग दुपारनंतर तिसरी खरंच अडकायची. तेल संपलेलं असायचं.

असल्या माणसाला तुमच्या एवढ्या मोठ्या इंग्रजीत काहीतरी म्हणत असतीलच ना?


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या तिसऱ्या शब्दानं आम्हाला आगीतून फुफाट्यात टाकलं. ऐक.

'मेलोमेनिअ‍ॅक.' झेरॉक्सवाल्यानं अर्थ काढून दिला, संगीताचं पराकोटीचं वेड असलेला. मला वाटलं, जमलं. भारदस्त आहे, कुणाला पटकन कळणार नाही, म्हणजे रेडिओ लावायच्या आधी निदान विचार तरी करतील. कार्डावर लिहून मी डोळे मिटून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाबांचा कंगवा नाही. पट्टा नाही, पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलेलं. जेवणाचा स्टीलचा चमचा जाऊन प्लास्टिकचा आलेला. पलंगाला दोन्ही बाजूंनी गज. रात्रपाळीच्या सिस्टरनं शब्दाचा पुढचा भाग सोडून दिला होता आणि मागचा वाचला होता. त्यात फाइलमध्ये 'अ‍ॅग्रेसिव्ह' होतंच. मेनिअ‍ॅक आणि अ‍ॅग्रेसिव्ह! मीच वाचलं असतं तर मीही दार बाहेरून लावलं असतं.

मी मेट्रनबाईंना म्हटलं, "तसं नाहीये हो, हा गाण्याचा शब्द आहे." त्या म्हणाल्या, "मग गाण्याचा शब्द आधी होता तोच काय वाईट होता?" आणि स्वतःच्या हातानं खोडून पुन्हा 'म्युझिक लव्हर' लिहिलं. पुन्हा रेडिओ. कंगवा मात्र परत दिला नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. केस विस्कटलेले. आयुष्यात ते तसे कधी घराबाहेर पडले नाहीत. मी बोटांनी भांग पाडायला गेले तर हात झटकला. मी कोण ते त्यांना कळत नाही हल्ली, पण झटकतात मात्र घरच्यासारखं.

दादा, मी थकले आहे. शाळा सुरू होण्याआधीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत, बाया ओव्हरटाइमला नाही म्हणतायत, आणि मी रोज बस बदलून तिकडे जाते आणि एक रेडिओ बंद करून परत येते. तुला बाबांबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक आहे. तुला यायला सांगत नाही. एक शब्द मागतेय.


२४ फेब्रुवारी

दादा,

'टायरंट.'

याचा अर्थ मला झेरॉक्सवाल्याला विचारावा लागला नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी जिन्यात उभा राहून हाच शब्द ओरडला होतास. 'जुलमी' हा अर्थ मी तेव्हाच शोधून ठेवला होता.

बरं वाटलं का लिहून? आणि गंमत म्हणजे या वेळी खाली सही आहे!

कार्ड पर्समध्ये टाकून मी तडक होममध्ये गेले. इतकी भडकले होते की बसमध्ये उतरायचा स्टॉप गेला. तुझ्यावर भडकले होते, बाबांवर त्याहून जास्त. सगळा घोळ या माणसाचा, आणि निस्तरायचं मी. तुझं तरी गाणं ऐकलं त्यांनी, बिघडलेलं का असेना. मी गात नव्हते. मला शिक्षा नाही, शाबासकी नाही. त्या घरात मी म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज. 'हळू' एवढा एकच शब्द बाबा माझ्याशी बोलत.

गेले तर वीज गेलेली. रेडिओ बंद, मागच्या वॉर्डातला टीव्ही बंद, पंखे बंद. कर्नल झोपलेले. आणि बाबा पलंगावर मांडी घालून बसलेले, हातात बिस्किट, ताठ. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. दुसरं कुणी असतं तर शांतपणे शेजारी बसलं असतं. मी नाही बसले. मी उभ्या उभ्या म्हटलं, "तुम्ही दादाचं गाणं बंद केलंत. शाळेच्या गॅदरिंगला, पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांदेखत हात वर करून थांबवलंत. चौदा वर्षांचं पोर स्टेजवरून रडत खाली आलं. त्यानंतर त्यानं गायला तोंड उघडलं नाही. का केलंत तसं?"

उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही.

बाबांनी बिस्किट प्लेटमध्ये ठेवलं. म्हणाले, "पेटी उतरली होती."

मी म्हटलं, "काय?"

"मास्तरांची पेटी. वरचा एक सूर उतरला होता. पोरगं पहिलं कडवं खरं गायलं. मग पेटी ऐकायला लागलं आणि तिच्यामागे खाली गेलं." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. आधी तू गायलेलं, मग तू घसरलास ते, मग कसं असायला हवं होतं ते. आवाज फाटका, पण तिन्ही वेगवेगळे मलासुद्धा कळले. मला, दादा! मग हात वर केला, तोच, तसाच. "मी मास्तरांना म्हटलं, पेटी थांबवा. पोराला एकट्याला गाऊ द्या."

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, "मग हे त्याला सांगितलं का नाही? इतक्या वर्षांत एकदाही?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "त्याला ऐकू आलं नव्हतं?"

खरं सांगते, मला हसावं की त्यांच्या डोक्यात ती प्लेट घालावी, कळेना. त्यांना वाटत होतं, सगळ्यांना ऐकू येतं! त्या पेटीतला उतरलेला सूर सबंध हॉलला ऐकू आला, हेडमास्तरांना आला, आईला आला, तुला तर आलाच. मग सांगायचं काय त्यात? जन्मभर हा माणूस हेच धरून चालला, आणि आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो म्हणून आपल्यावर चिडत राहिला.

ही आठवण खरी, की त्यांच्या डोक्यानं नंतर जुळवलेली, ते मला माहीत नाही. शपथेवर सांगणार नाही. आणि यानं तुझी वर्षं भरून येत नाहीत, हेही मला कळतं. चिडायचा तुझा हक्क मी काढून घेत नाही. पण तुझा शब्द मी कार्डावर लिहिणार नाही. तो तुझ्याजवळ ठेव, नको झाला की टाकून दे.

वीज आली. रेडिओत एक बाई मोठ्यानं हसली. बाबा भिंतीकडे वळले.


१ मार्च

दादा,

डॉक्टर काल येऊन गेले. आधी ते सांगून टाकते : बाबा पुढच्याच वॉर्डात राहणार.

आता कसं ते. तुझ्या शब्दाची वाट पाहणं मी सोडून दिलं होतं. २५ तारखेला कार्डावरचं 'म्युझिक लव्हर' माझ्या हातानं खोडलं आणि मला येत होतं ते इंग्रजी लिहिलं. 'ही हिअर्स एव्हरीथिंग.' तीन शब्द. चूक असेल तर कळवू नकोस.

मेट्रनबाईंनी चष्मा वर करून वाचलं. ही सूचना नव्हती, ओळखच होती, त्यामुळे त्यांना खोडता येईना. "सगळं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळं."

मग काय झालं माहितेय? दोन सिस्टर पलंगावरची चादर बदलत होत्या, नेहमीसारख्या बाबांच्या अंगावरून गप्पा मारत. कोणाचं कोणाशी जमलंय, हा म्हातारा कसा वैताग आहे, वगैरे. एकीनं कार्ड वाचलं. दुसरीला कोपरानं ढोसलं. दोघी अशा गप्प झाल्या की चादरीचा आवाज ऐकू आला! बाबा आपल्यातून गेलेत, त्यांना काही कळत नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. आता त्या त्यांच्याशी बोलायला लागल्या, हळू आवाजात. औषधाची ट्रॉली खडखडते तिच्या चाकाला कुणीतरी तेल घातलं. रात्रपाळीची सिस्टर दार आपटायची थांबली. रेडिओबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. कर्नलच्या मुलालाच त्या म्हणाल्या की वडिलांना रेडिओसकट व्हरांड्यात बसवू, तिथे ऊन आहे. कर्नल तिथे ठेका चुकवत मजेत बसलेले असतात.

डॉक्टरांनी बाबांच्या समोर फाइल उघडली आणि खुर्ची ओढली. खुर्ची किंचाळली. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण ओरडले नाहीत. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, उठले, खुर्ची उचलून पुन्हा नीट ठेवली आणि "सॉरी" म्हणाले. बाबांनी मान हलवली. एवढ्यावर 'अ‍ॅग्रेसिव्ह'वर काट बसली. गज निघाले, कंगवाही परत आला.

मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण खरं सांगू? रागही तितकाच आला. तीन शब्द! शाळेतल्या पोराला येतात ते! आणि त्यासाठी महिनाभर माझ्या नाकी नऊ आले, तू डिक्शनरीतून दगड वेचून मारत बसलास, आणि आपण दोघांनी इतकी वर्षं त्या घरात काढून हे तीन शब्द कधी स्वतःशीसुद्धा म्हटले नव्हते.


९ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. या वेळी शब्दच नाही. नुसता पत्ता आणि कोरी पाठ. पोस्टमन म्हणाला, "ताई, शाई संपली वाटतं." मी म्हटलं, "हो, आता संपली."

मी ते ठेवून घेतलंय. मला ते आधीच्या चारांपेक्षा बरं वाटलं.

काल घडलं ते सांगते आणि थांबते, कारण खाली बाया बाह्या उलट्या जोडून ठेवतील. काल मला उशीर झाला होता. वॉर्डाच्या कॉरिडॉरमधून भराभर चालले होते. बाबा पाठमोरे बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मी दारात पोचायच्या आत म्हणाले, "आली."

सिस्टर म्हणाली, रोजच म्हणतात हल्ली. दुसरं कुणी आलं तर म्हणत नाहीत.

मी पुढे होऊन विचारलं, "कोण आली, बाबा? नाव सांगा बघू." नाव नाही सांगता आलं. मुलगी आहे हेही सांगता आलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओळख पटली नाही, पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. आणि मग नेहमीच्या त्या चूक काढायच्या आवाजात म्हणाले, "उजवा पाय ओढतेस. डाव्याएवढा पडत नाही. गुडघा दुखतो का?"

दादा, गेली दोन वर्षं मशीनचं पायडल मारून माझा गुडघा दुखतोय. मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, पोरांना नाही. मी तिथे त्यांच्या खिडकीपाशी उभी राहून लहान मुलीसारखी रडले, आणि बाबा म्हणाले, "हळू."

तू ये. माफ करायला ये असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. शब्द आणू नकोस, आमच्याकडे आता आहेत. फक्त त्या कॉरिडॉरमधून चालत ये. तुला ते ओळखतील की नाही, सांगता येत नाही. तुझ्या चालण्यात चूक मात्र नक्की काढतील, कारण तू येताना ते ऐकत असतील.

आणि ते करकरणारे बूट घालून येऊ नकोस. मोठ्या मुश्किलीनं घडी बसली आहे.

— तुझी बहीण